बंद पडण्याच्या वेळा

अनुस्वाररावांचा कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तो एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. स्क्रीन काळी झाली, पेटीतल्या पंख्याने एक सुस्कारा सोडला आणि खोली एकदम गप्प झाली. अनुस्वाररावांनी सगळ्यात आधी काय केलं, तर कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. वर्गात शाई सांडलेलं पोर ठेवतं तसे. आपलंच बोट कुठेतरी भलतीकडे पडलं असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

अनुस्वारराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. छत्तीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते, आणि तिथल्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यांना हे नाव चिकटवलं होतं. ओळीच्या डोक्यावर गुपचूप बसलेला ठिपका. असला तर कुणाच्या ध्यानात येत नाही, नसला की अडतं. नाव त्यांना मनातून आवडलं होतं, पण तसं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

मुद्रितं तपासणाऱ्यांचा एक नियम असतो. मजकुरात काही खटकलं की आधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायचा, मग जुळाऱ्यावर, आणि लेखकावर सगळ्यात शेवटी. अनुस्वाररावांनी हा नियम छापखान्यात ठेवला नाही, घरी आणला. दूध नासलं तर ते म्हणत, मीच झाकण नीट लावलं नसेन. निवृत्त झाल्यावर ते घरबसल्या जाड जाड ग्रंथांच्या सूची करून देत असत. सध्या पक्ष्यांवरच्या आठशे पानी ग्रंथाची सूची चालू होती आणि ‘बगळा, राखी’ इथे येऊन ती त्या मंगळवारी अंधारात गेली.

शेजारच्या खोलीत बायको होती. तीही छापखान्यातलीच. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि हे समोरच्या मुद्रितावर पट्टी सरकवत ऐकायचे. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं ती एका सुरात म्हणायची. त्या सुरातच लग्न जमलं, असं जुळारी म्हणत. आता तिच्या त्या आवाजाला श्वास पुरत नव्हता. दोन वर्षांपासून तिची फुप्फुसं आक्रसत चालली होती. दवाखान्यातून घरी आली ती ऑक्सिजनचं यंत्र सोबत घेऊनच. पलंगाशेजारी छोट्या कपाटाएवढं ते यंत्र दिवसरात्र घुरघुरत असे, आणि त्यातून निघालेली नळी तिच्या नाकापर्यंत जाई. डॉक्टरीणबाईंनी अनुस्वाररावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “यंत्र बंद पडलं तर दहा मिनिटं. फार तर पंधरा.” त्यासाठीच कोपऱ्यात एक लहान सिलिंडर उभा होता आणि तो जोडायची रीत लिहिलेला कागद त्याच्या मानेला दोऱ्याने बांधलेला होता. अनुस्वाररावांनी त्या कागदातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली होती. सिलिंडरला मात्र हात लावला नव्हता.

कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर तो मुकाट्याने चालू झाला. संध्याकाळी चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा बंद. बुधवारी तीनदा. अनुस्वाररावांनी एक कोरा कागद घेतला, वर ‘बंद पडण्याच्या वेळा’ असं लिहून अधोरेखित केलं आणि खाली तारीख-वेळ टिपायला सुरुवात केली. बायकोला काही बोलले नाहीत. तिच्या डोक्याला आणखी एक घोर कशाला?

फोन करायचा म्हणजे त्यांच्या अंगावर काटा येई. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून, दोनदा वाचून मगच ते नंबर फिरवत. तसंच करून त्यांनी दुरुस्तीवाल्या बाईंना फोन लावला. या बाईंचं चौकात एक चिंचोळं दुकान होतं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं फटकळ.

“काका, पेटीवर हात ठेवा. तापलीय?”

“नाही. गारच आहे. पण माझ्या हाताला नीट समजत नसेल कदाचित.”

“हात तुमचाच आहे ना? मग समजेल. दुपारी येते.”

दुपारी बाईंनी पेटीचं झाकण काढलं. आत उंदराच्या कातड्यासारखा धुळीचा थर. बाईंनी तो ब्रशने झाडला, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासून परत बसवल्या, चालू करायचं बटण अडकतंय का ते दहा वेळा दाबून पाहिलं.

“आता पळेल. नाही पळाला तर मला सांगा, मी त्याच्या कानाखाली वाजवते.”

तो दीड दिवस पळाला. त्या आठवड्यात नुकतीच सुरू झालेली थंडी मधे एक दिवस ओसरली होती. शुक्रवारी सकाळी बायकोच्या खोलीत हीटर पुन्हा लावला आणि अकराच्या सुमाराला कॉम्प्युटर पुन्हा गेला. बाईंनी येऊन आतला पॉवर सप्लाय बदलला. शनिवारी दोनदा गेला. मग बाईंनी ती पेटीच उचलली आणि दुकानात नेली. तिथे ती तीन दिवस अखंड चालू होती.

“तुमचा पेशंट माझ्याकडे ठणठणीत आहे,” त्यांनी फोनवर सांगितलं. “सासरी आला की आजारी पडतो असं दिसतंय.”

पेटी घरी आणून जोडली, बाई अजून चहा पीत होत्या, तेवढ्यात समोरची स्क्रीन काळी झाली. बाईंनी कप खाली ठेवला. त्या काही विनोद करतील म्हणून अनुस्वारराव हसायच्या तयारीत होते. बाईंनी मात्र वाकून टेबलामागच्या सॉकेटकडे पाहिलं, मग भिंतभर उभ्या पुस्तकांच्या मांडणीकडे.

“काका, मशीन निर्दोष आहे. दोष घरात आहे. ही लाइन कुणी ओढली?”

“माझ्या मेहुण्याने. तो इलेक्ट्रिशियनच आहे. हिला घरी आणायचं होतं ना, तेव्हा पलीकडच्या खोलीत सॉकेट हवं होतं. ते याच लाइनीतून काढलं.”

“मग त्याला बोलवा. आणि लवकर बोलवा. मी पेटीच्या आतलं बघते, भिंतीच्या आतलं नाही.”

त्या गेल्या. अनुस्वाररावांनी कागदावर चार वाक्यं लिहिली. पहिलं खोडलं, कारण त्यात तक्रारीचा सूर होता. दुसरं खोडलं, कारण ते फार लाचार वाटत होतं. उरलेल्या दोन वाक्यांवर मेहुण्याला फोन केला.

मेहुण्याला सगळं गाव ‘पक्कड’ म्हणायचं. पाठच्या खिशात पक्कड आणि जिभेवर बढाई, या दोन गोष्टींशिवाय त्याला कुणी पाहिलं नव्हतं. मनाने मात्र सोन्यासारखा. बहिणीवर जीव ओवाळून टाकणारा. दवाखान्यातून सोमवारी सोडणार असं कळलं तेव्हा रविवारी दिवसभर एकटा राबून त्याने भिंत फोडली, वायर ओढली, गिलावा केला, आणि संध्याकाळी पुस्तकांची मांडणी जागेवर ढकलून हात झटकत म्हणाला होता, “वज्रलेप आहे, भाऊजी. तुमचे नातू येऊन बघतील.”

“काय म्हणता भाऊजी? माझ्या लाइनीत खोट?” फोनवर तो आधी हसला. मग हसणं थांबलं. “ताईच्या खोलीची लाइन आहे ती. तिच्या कामात मी खोट ठेवीन?”

“तसं नाही रे. माझीच काहीतरी चूक होत असेल. फक्त त्या बाई म्हणाल्या—”

“त्या बाईंना म्हणावं, डबे विका. भूत त्यांच्या डब्यात आणि नाव माझं होय? ताईला विचारा मी कसं काम केलंय ते.”

ताईला विचारायचा प्रश्न नव्हता, कारण ताईने दाराआडून ऐकलं होतं. “अहो,” ती पलंगावरून म्हणाली. वाक्याच्या मधे ती दोनदा थांबली. “त्याला नका दुखवू. जेवलासुद्धा नव्हता त्या दिवशी.”

“नाही, नाही. मी सहज विचारलं.”

इथे खरं तर माणसाने नेट धरायला हवा होता. पण नेट धरणं हे अनुस्वाररावांच्या कुंडलीत नव्हतं. त्यांनी मधला मार्ग काढला. स्वयंपाकघरातल्या सॉकेटमधून एक लांब एक्स्टेन्शन आणलं, ते बोळातून, दाराच्या फटीतून आत घेतलं आणि कॉम्प्युटर त्याला जोडला.

तो बंद पडला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. सूची ‘बगळा’वरून ‘भारद्वाजा’वर गेली, तिथून ‘मोरा’वर. बंद पडण्याच्या वेळांचा कागद त्यांनी घडी घालून शब्दकोशात ठेवून दिला. कुणी दुखावलं नाही, कुणाची चूक निघाली नाही. अनुस्वाररावांना स्वतःचं थोडंसं कौतुकही वाटलं, आणि ते फारसं कधी वाटत नसे.

त्या आठवड्यात खोलीला एक वास यायला लागला. पुस्तकांच्या मांडणीकडून, हलका, कोमट. छापखान्याच्या मागे बांधणीची खोली होती, तिथे पुस्तकांच्या पाठी चिकटवायच्या सरसाचं भांडं मंद आचेवर चढवलेलं असे. अगदी तोच वास. जुन्या पुस्तकांना थंडीत असा वास सुटत असेल, असं त्यांनी ठरवलं. सकाळी काम सुरू करण्याआधी ते मांडणीजवळ उभे राहून एकदा खोल श्वास घेत. तरुणपणाची खोली आठवे. मूळ प्रत वाचणारी एक मुलगी आठवे, एका दमात अख्खा परिच्छेद वाचणारी. ते खुशीत खुर्चीवर येऊन बसत.

ऑक्सिजनच्या यंत्राच्या कंपनीचा माणूस दर महिन्याला तपासणीला यायचा. त्याने बायकोला एक वही दिली होती. यंत्राने शिट्टी दिली की वेळ लिहायची. यंत्राला वीज कमी मिळाली की ते एक बारीक शिट्टी देई आणि क्षणभरात पुन्हा चालू होई. शिट्टीसारखा उंच, बारीक आवाज अनुस्वाररावांच्या म्हाताऱ्या कानांना पकडता येत नसे, आणि ऊब राहावी म्हणून तिच्या खोलीचं दार बंद असायचं. त्या शिट्ट्या त्यांनी कधी ऐकल्या नव्हत्या. ती सांगत नव्हती, कारण ते उगाच जिवाला लावून घेतात.

गुरुवारी तो माणूस येणार होता. त्याआधी, दुपारी तीनच्या सुमाराला, तिने हाक मारली. “अहो, मुद्रितशोधक. माझं अक्षर हल्ली कोंबडीचे पाय झालंय. तेवढी सुवाच्य प्रत करून द्या.”

“वही दे, मी करतो.”

“तुम्हाला लागणार नाही. मी वाचते.” ती उशीला टेकून किंचित हसली. “पूर्वीसारखं.”

अनुस्वारराव स्टूल घेऊन बसले. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. हीटरमधून ऊब येत होती, यंत्र घुरघुरत होतं. तिने वही डोळ्यांजवळ धरली आणि वाचायला लागली. तोच जुना सूर, फक्त जागोजाग तुटलेला.

“मंगळवार. स्वल्पविराम. सकाळी दहा वाजून… वीस. पूर्णविराम. मंगळवार. संध्याकाळी चार वाजून… पाच. पूर्णविराम. बुधवार. नऊ पन्नास…”

सहाव्या ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली. आधी त्यांनी नियमाप्रमाणे स्वतःवरच संशय घेतला. कुठेतरी वाचलेलं पुन्हा आठवतं, म्हातारपणी तसं होतं.

“काय झालं? अडलात?”

“जरा थांब. आलोच.”

शब्दकोशातून घडीचा कागद काढून ते परत आले. पट्टी घेतली, ती कागदाच्या पहिल्या ओळीखाली ठेवली. “पुन्हा वाच. पहिल्यापासून.”

तिने वहीचं पहिलं पान पुन्हा उघडलं. एकोणीस वर्षं ती असंच वाचत आली होती. तपासणारा पुन्हा म्हणाला की पुन्हा. ती एकेक वेळ वाचत गेली आणि ते एकेक ओळीपुढे बारीक रेघ मारत गेले. दहा वीस. चार पाच. नऊ पन्नास. कुठे एका मिनिटाचा फरक, बहुतेक ठिकाणी तोही नाही. पेटी दुकानात होती त्या तीन दिवसांच्या वेळा तेवढ्या तिच्याकडे जास्त होत्या. शेवटची ओळ आली, बाईंनी चहाचा कप खाली ठेवला ती. अनुस्वाररावांचा कागद तिथे संपला. खाली कोरी जागा.

ती मात्र वाचतच होती.

“शुक्रवार. सात वेळा. शनिवार… नऊ. रविवारी मी नंतर नंतर… वेळा लिहिल्याच नाहीत. नुसत्या रेघा मारल्यात. काल…” तिने पान उलटलं. “काल सव्वीस.”

“आज?”

“आज सकाळपासून मोजायचं सोडलं. अहो, तुम्ही असे का बघताय?”

त्यांना सगळं एकदम दिसलं. दोन यंत्रं, दोन खोल्या, मधे एकच भिंत. कॉम्प्युटर ओरडून सांगत होता आणि त्यांनी त्याचं तोंड बंद केलं होतं. दुखणं तसंच राहिलं, फक्त कण्हणारा तेवढा त्या लाइनीवरून उचलला.

ते आपल्या खोलीत गेले, मांडणीसमोर उभे राहिले. वास होताच. या वेळी त्यांनी तो आत घेतला नाही. मधल्या कप्प्यातली पुस्तकं काढायला लागले. पहिलं गार. दुसरं गार. चौथ्या पुस्तकाच्या मागची कड बोटांना कोमट लागली. सातव्याचा पुठ्ठा पाठीपासून सुटून त्यांच्या हातात लोंबला. सरस वितळून चिकट तार धरत होता. मांडणीची फळी मागच्या बाजूने तपकिरी झाली होती. त्यांनी हात आत घालून तळवा भिंतीवर ठेवला आणि झटक्याने मागे घेतला. तव्यावर ठेवावा तसा.

पलीकडे हीटरने ‘खट्’ केलं. आणि भिंतीच्या आत, अगदी जवळ, काहीतरी चरचरलं. फार मोठ्याने नाही. कढईत पाण्याचा थेंब पडावा तितकंच.

मांडणीत दोन हजार पुस्तकं होती. पलीकडे, त्याच जागी, भिंतीला टेकून तिचा पलंग होता. आणि पलंगाशेजारी ऑक्सिजन.

“हीटर बंद कर,” ते ओरडले. ते ओरडू शकतात हे त्यांनाही माहीत नव्हतं. हीटर तिच्या हाताशीच होता. तिने बटण दाबलं. चरचर थांबली नाही. मांडणीमागून धुराचा एक दोरा निघाला आणि सरळ छताकडे चढायला लागला.

वीज तोडायला हवी होती. बोळातल्या विजेच्या पेटीत खटक्यांची रांग होती, एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. चिठ्ठ्या लावतो म्हटलं तर पक्कड म्हणाला होता, मला तोंडपाठ आहे, भाऊजी. कुठला खटका भिंतीचा, कुठला स्वयंपाकघराचा, काही कळायला मार्ग नव्हता. म्हणजे मेनच खाली ओढायचा. आणि मेन ओढला की यंत्र बंद. दहा मिनिटं. फार तर पंधरा.

ते कोपऱ्यातल्या सिलिंडरसमोर येऊन उभे राहिले. “मला हे जमणार नाही,” ते म्हणाले. “उलटसुलट काहीतरी करून बसेन.”

बायकोने हात पुढे केला. “कागद द्या इकडे.”

त्यांनी दोरा तोडून कागद दिला. तिने तो डोळ्यांजवळ धरला.

“एक. सिलिंडरवरची किल्ली… डावीकडे… अर्धा फेरा. पूर्णविराम.”

त्यांनी किल्ली फिरवली. फुस्स झालं. सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा वर चढला.

“दोन. खालची कळ… दोनच्या आकड्यावर. पूर्णविराम. तीन. यंत्रावरची नळी काढून… सिलिंडरच्या तोंडाला. घट्ट. अधोरेखित.”

तुटक वाचत होती, पण सुरात. त्या सुरामागून त्यांची बोटं चालत गेली, जशी आयुष्यभर चालली होती. नळी बसली. तिने नाकाशी हात नेला, डोळे मिटले, उघडले आणि मान हलवली. मग त्यांनी जाऊन दोन्ही हातांनी मेन स्विच खाली ओढला.

घर थांबलं. यंत्राची घुरघुर, फ्रिजचा आवाज, सगळं. सिलिंडरमधून येणारी बारीक सुरसुर तेवढी राहिली. काटा वरच्या टोकाला होता. सिलिंडर भरलेला असला की दोन तास पुरतो, असं कागदावर लिहिलेलं होतं.

अनुस्वाररावांनी मेहुण्याला फोन लावला. आधी काही लिहिलं नाही. “असशील तिथून ये. छिन्नी-हातोडी आण. तुझी भिंत जळतेय.” आणि पुढचं ऐकायला न थांबता फोन ठेवला.

मग बादलीभर पाणी शेजारी ठेवून पुस्तकं बाहेर काढत राहिले. धुराचा दोरा बारीक होत होत विरला.

पक्कड वीस मिनिटांत आला. आला तो तोंड वाजवतच. “भाऊजी, माणसाला असं घाबरवतात होय? मी तिकडे शिडीवर—” मग त्याने मांडणीच्या पोटातलं भगदाड पाहिलं, फळीवरचा तपकिरी डाग पाहिला, आणि त्याची बडबड नळ बंद करावा तशी बंद झाली. दोघांनी मिळून मांडणी ओढली. त्याने छिन्नी लावली. दुसऱ्याच घावाला गिलाव्याचा पापुद्रा सुटून पडला.

आत डबी नव्हती. जोडावर जंक्शन बॉक्स हवा, तो नव्हताच. तीन वायरी हाताने पिळून एकत्र केलेल्या, वर टेप गुंडाळलेली, आणि त्यावर सरळ गिलावा. टेपचा कोळसा झाला होता. तांबं काळंनिळं पडून ठिसूळ झालं होतं. पकडीने धरताच जोड मोडून त्याच्या हातात आला.

“एवढं यंत्र चालेल इतकाच हिशेब केला होता मी,” तो पुटपुटला. “हीटर नंतर आला.” त्याने जळका जोड तळहातावर धरला. “रविवार होता. डब्या संपलेल्या. दुकान बंद. सोमवारी ताई येणार. म्हटलं आत्ता असं करू, मागाहून येऊन उघडू.” तो भिंतीला टेकून खाली बसला. “मागाहून आलोच नाही.”

अनुस्वाररावांना सवयीने म्हणायचं होतं की चूक माझीच, मीच हीटर लावला. शब्द ओठापर्यंत आले. त्यांनी ते गिळले.

“आधी हिचं यंत्र चालू कर,” ते म्हणाले.

पक्कडने जळकी लाइन तोडली, पेटीतला स्वयंपाकघराचा खटका शोधून काढला, आणि कॉम्प्युटरचं ते लांब एक्स्टेन्शन बोळातून ओढत ताईच्या खोलीत नेलं. मेन वर केला. यंत्र घुरघुरलं. नळी परत जागेवर गेली. सिलिंडरचा काटा निम्म्याच्या थोडा खाली आला होता.

ताईने भावाला पलंगाच्या कडेवर बसवलं. त्याचे हात काळे झाले होते. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. रागाने नव्हे. छापखान्यात एखाद्या पानावर एक चूक सापडली की ती अशी बघायची. तीच चूक पुढच्या पानांवरही असेल का, याचा विचार करत.

“बाळा,” ती म्हणाली, “डब्या संपल्या होत्या… म्हणजे किती दिवस?”

पक्कड बोटांवर दिवस मोजायला लागला.

“त्या दिवसांत… आणखी कुठे कुठे काम केलंस?”

पक्कड हातातल्या मोडक्या जोडाकडे बघत होता. मग त्याने सावकाश मान वर केली. “चार,” तो म्हणाला. “चार घरं.”

अनुस्वाररावांनी बंद पडण्याच्या वेळांचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. “सांग,” ते म्हणाले. “एकेक.”

पहिलं घर कासाराचं. त्याने फोन उचलला, ऐकलं, शिव्या घातल्या आणि मेन बंद करायला धावला. दुसरी शाळामास्तरीण. “बरं झालं फोन केलात,” ती म्हणाली. “आमचा टीव्ही हल्ली आपोआप बंद होतो. दोनदा दुरुस्त करून आणला. काही सापडत नाही म्हणे.” पक्कडने डोळे घट्ट मिटले. तिसऱ्या घरी चार महिन्यांपासून कुलूप होतं, शेजाऱ्याने सांगितलं, वीजही तोडलेली.

चौथी शिंपीण. दोन गल्ल्या सोडून, वरच्या मजल्यावर, लाकडी जिन्याच्या माथ्यावर एकटी राहणारी. खोलीभर कापड. “तिची इस्त्री सकाळपासून चालू असते,” पक्कड म्हणाला, आणि तो काय म्हणाला ते त्यालाच ऐकू आल्यासारखा उभा राहिला.

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नुसताच वाजला.

पक्कडने तो अनुस्वाररावांच्या हातात कोंबला आणि धावत सुटला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज गेला, फाटकाचा गेला, मग काहीच ऐकू येईना. बायकोने वही मिटून छातीवर ठेवली होती आणि ती दाराकडे बघत होती.

अनुस्वाररावांनी तिसऱ्यांदा नंबर फिरवला आणि फोन कानाशी धरला. समोरून कुणी बोललं, तर काय म्हणायचं, ते त्यांनी या वेळी जुळवून ठेवलं नव्हतं. कागदावर चौथं नाव लिहून झालं होतं, आणि त्यापुढे वेळ लिहायची जागा रिकामी होती. त्या जागेवर पेन्सिलचं टोक टेकवून ते ऐकत राहिले. पलीकडे घंटा वाजत होती.